अर्ध्या विहिरीचा जामीन

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी नवी वही उघडतो. पहिल्या पानावर 'श्री' काढतो, हळदकुंकू वाहतो, आणि मग पान उलटून जे पहिले शब्द लिहितो ते नव्या वर्षाचे नसतात. ते असतात 'मागील बाकी'. वही नवी झाली म्हणून येणे बुडत नाही आणि देणेही फिटत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पेढी नाही. पण वाण्याचे खाते आणि दूधवाल्याचे कार्ड सांभाळणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हा नियम तोंडपाठ असतो.

यंदाच्या दिवाळीला अशीच एका वहीबदलाची हकीकत वाचकांपुढे ठेवायची आहे. घर आपले नव्हे, ब्रिटनचे आहे. परंतु ती ऐकताना आपल्याकडच्या कितीतरी वाटण्या, कितीतरी वेगळ्या झालेल्या चुली डोळ्यांपुढे येतील.

समजा, एक मोठे एकत्र कुटुंब आहे. सगळे भाऊ ऐपतीप्रमाणे सामाईक पेटीत पैसे टाकतात, आणि त्या पेटीतून कधी याच्या मळ्यात, कधी त्याच्या मळ्यात काम निघते. धाकट्याच्या मळ्यात विहीर खणायला घेतली आहे. वीस हात खाली गेली, अजून पाणी लागलेले नाही. अशा वेळी धाकटा एके दिवशी म्हणतो, "दादा, मी वेगळा राहणार." ठीक आहे, भांडी वाटली, माजघरात भिंत घातली. पण विहिरीत उतरलेला कामकरी मान वर करून विचारतो, "धाकटे मालक, पुढला हप्ता आम्ही कोणाकडं मागायचा?"

या प्रश्नाला ब्रिटनच्या सरकारने काय उत्तर दिले, ते उत्तर कितपत खरे ठरले, आणि त्यात काय राहून गेले, हा आजचा विषय.

ब्रिटन १९७३ साली युरोपीय कुटुंबात सामील झाला. २३ जून २०१६ रोजी तेथे जनमत घेण्यात आले, आणि ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. त्या प्रचारातील एक तांबडी बस पुष्कळांना आठवत असेल. आपण दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला पाठवतो, ते आपल्या रुग्णसेवेला देऊ या, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर रंगवलेला होता. हा आकडा दिशाभूल करणारा आहे असे खुद्द ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने तेव्हाच बजावले होते. कारण एक तर ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजा केलेली नव्हती. आणि दुसरे म्हणजे पेटीत टाकलेल्या पैशांतून घरी परत येणारे पैसे त्यात धरलेलेच नव्हते. परत येणारे पैसे बसवर मावत नाहीत. ते शेतकऱ्यांच्या खात्यात, विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत, आणि डोंगरमाथ्यावरच्या चिखलात विखुरलेले असतात.

चिखल हा शब्द थट्टेने वापरलेला नाही. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मधोमध 'पीक डिस्ट्रिक्ट' नावाचा डोंगराळ मुलूख आहे. १९५१ साली जाहीर झालेले ब्रिटनचे हे पहिले राष्ट्रीय उद्यान. याच्या माथ्यावर किंडर स्काउट, ब्लीकलो अशी विस्तीर्ण पठारे आहेत, आणि त्या पठारांवर काळ्या, ओल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर आहे. त्याला 'पीट' म्हणतात. हा थर साधारणपणे वर्षाला एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे एक मीटर थर साचायला हजार वर्षे लागतात! ज्या काळात आपल्याकडे शिलाहार राजे अंबरनाथचे देऊळ बांधीत होते, त्या काळातली पाने आज तेथे मीटरभर खाली काळी होऊन पडली आहेत.

हा थर ज्याच्यामुळे तयार होतो ते स्फॅग्नम नावाचे एक नाजूक शेवाळ. स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी ते धरून ठेवू शकते. औद्योगिक क्रांतीनंतर मँचेस्टर-शेफील्डच्या धुराड्यांनी दीडदोनशे वर्षे या पठारांवर काजळी आणि आम्ल यांचा वर्षाव केला. आपल्या वऱ्हाडचा कापूसही एकेकाळी आगबोटीतून लँकेशायरच्या त्याच गिरण्यांकडे जात असे, तेव्हा या धुराशी आपला अगदीच संबंध नाही असे म्हणवत नाही. शेवाळ मेले. वणवे लागले, मेंढ्या चरल्या. उघडी पडलेली काळी जमीन पावसाबरोबर वाहून जाऊ लागली. तिच्यातला हजारो वर्षांचा कार्बन हवेत मिसळू लागला आणि गाळ खालच्या जलाशयांत उतरू लागला. शहरांचे पिण्याचे पाणी तपकिरी होऊ लागले, ते स्वच्छ करण्याचा खर्च पाणी कंपन्यांवर, आणि अखेर घरोघरच्या पाण्याच्या बिलावर पडू लागला.

हे पठार पुन्हा हिरवे करायचे म्हणजे काय करायचे? प्रथम चुना टाकून जमिनीचा आंबटपणा कमी करायचा. मग गवताचे बी पेरायचे. हेलिकॉप्टरने झुडपांच्या कापलेल्या फांद्यांची पोती आणून उघड्या जमिनीवर पांघरूण घालायचे. ओघळींत दगडांचे, लाकडांचे छोटे छोटे बांध घालायचे. आणि शेवटी, वारापावसात गुडघे टेकून, माणसांनी हातांनी शेवाळाची एकेक रोपटी खोचायची. नव्या संसाराची बाग करावी तसे हे काम. फरक एवढाच की बागेचे क्षेत्र डोंगराएवढे आणि फळ नातवंडांच्या काळात.

या कामासाठी २०१५ साली 'मूरलाइफ २०२०' नावाचा सुमारे १ कोटी ६० लाख युरोंचा प्रकल्प सुरू झाला. त्यातला मोठा वाटा युरोपीय संघाच्या 'लाइफ' या निसर्गनिधीतून आला आणि उरलेल्यात पाणी कंपन्यांनी हातभार लावला. हा निधी १९९२ सालचा. २०१४ ते २०२० या काळात निसर्गरक्षणाच्या कामाला तो सामान्यतः खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत, आणि अत्यंत महत्त्वाच्या अधिवासांसाठी ७५ टक्क्यांपर्यंत मदत देत असे. मात्र पैसे एकदम हातात पडत नसत. ते हप्त्याहप्त्याने येत आणि शेवटचा हप्ता तर सगळे काम होऊन, अहवाल तपासून झाल्यावर मिळे. आधी खर्च करा, मग मागा, असा मामला.

आता वाचकांनीच कल्पना करावी. २४ जून २०१६ ची सकाळ आहे. काम चालू होऊन वर्षही झालेले नाही. पुढे चारपाच वर्षांचा करार आहे. हाताखालची माणसे ठराविक मुदतीच्या नोकरीवर आहेत. आणि ज्याच्याकडून हप्ते यायचे त्या घरातून आपण बाहेर पडणार असे रात्रीतून ठरले आहे. पुढच्या हंगामासाठी रोपांची मागणी नोंदवायची की नाही? हेलिकॉप्टर ठरवायचे की नाही? येणारा हप्ता बुडाला तर तो भरून काढायला निसर्गरक्षण करणाऱ्या संस्थांजवळ गंगाजळी कुठून असणार?

जनमतानंतर ५१ दिवसांनी, १३ ऑगस्ट २०१६ रोजी, नवे अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी जामिनकी पत्करली. शेतकऱ्यांना थेट मिळणारे अनुदान २०२० पर्यंत त्याच पातळीवर राहील. शेतातले बांध, कुंपणाची झाडी, पाणथळ जागा राखण्यासाठी शेतकऱ्यांशी जे पर्यावरणाचे करार होतात ते आणि विकासनिधीतले इतर प्रकल्प, सरकारच्या त्या वर्षीच्या शरदातील आर्थिक निवेदनापूर्वी सहीशिक्क्याचे झालेले असले, तर बाहेर पडल्यानंतरही मुदत संपेपर्यंत पूर्ण पैसे मिळतील. आणि ज्या संस्था थेट युरोपीय आयोगाकडे स्पर्धेत उतरून मदत मिळवतात, त्यांनी सदस्यत्वाच्या काळात मिळवलेल्या मदतीला ब्रिटनचा खजिना जामीन राहील. ही सारी जबाबदारी वर्षाला साडेचार अब्ज पौंडांपर्यंत जाऊ शकेल, असे त्या वेळी सांगितले गेले.

विहिरीतल्या कामकऱ्याला धाकट्या मालकाने दिलेले उत्तर ते हेच. "बाबा रे, तू खणत राहा. वाड्यातून नाही आले, तर मी देईन."

या उत्तरातली मेख चतुर वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. सही झालेल्याला अभय; सही व्हायची राहिलेल्याचे काय? तेव्हा ३ ऑक्टोबर २०१६ रोजी हमीचा पदर आणखी पसरण्यात आला. ब्रिटन प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंत ज्यांचे करार होतील त्यांनाही हमी लागू. मात्र दोन अटींवर. पैशाचा मोबदला चोख मिळाला पाहिजे, आणि काम देशाच्या स्वतःच्या अग्रक्रमात बसले पाहिजे. पुढे बाहेर पडण्याच्या वाटाघाटी रेंगाळल्या, कराराविनाच कडेलोट होतो की काय अशी धास्ती वाढली, तेव्हा २४ जुलै २०१८ रोजी तिसऱ्यांदा मुदत वाढवण्यात आली. करार होवो वा न होवो, २०१४ ते २०२० या अंदाजपत्रकाखाली २०२० अखेरपर्यंत मंजूर होणाऱ्या कामांचे पैसे बुडू देणार नाही, असे सरकारने सांगितले. अशी तीन टप्प्यांत ही हमी पुरी झाली.

आणि गंमत अशी की, हा जामीन बहुतांशी वठवावाच लागला नाही! बाहेर पडण्याची तारीख २९ मार्च २०१९ होती. ती १२ एप्रिलवर गेली, मग ३१ ऑक्टोबरवर गेली, आणि अखेर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला तो करार करूनच. त्या करारात असे स्पष्ट लिहिले होते की, २०१४ ते २०२० या काळातल्या युरोपीय योजनांत ब्रिटनचा सहभाग त्या योजना संपेपर्यंत चालू राहील. म्हणजे जुने हप्ते जुन्या वाड्यातूनच येत राहिले. डोंगरावरचे काम २०२२ पर्यंत चालले.

तुम्ही म्हणाल, मग एवढा खटाटोप व्यर्थच म्हणायचा! पैसा तर खर्च झालाच नाही. मला तसे वाटत नाही. मुलाच्या शिक्षणासाठी पेढीतून कर्ज काढताना मामा जामीन राहतात. पुढे मुलगा कर्ज वेळेवर फेडतो, मामांना एक पैसाही भरावा लागत नाही. म्हणून मामांची सही फुकट गेली असे कोणी म्हणते का? ती सही होती म्हणूनच मुलगा शिकला. हमीचे मोल तिने दिलेल्या पैशात नसते. तिच्या भरवशावर न थांबलेल्या कामात असते. शेवाळाला 'तूर्त थांब, वाटाघाटी चालू आहेत' असे सांगता येत नाही. एक हंगाम चुकला की उघडी जमीन आणखी वाहून जाते, बांधलेला बांध डागडुजीविना फुटतो, शिकवून तयार केलेला माणूस दुसरी नोकरी धरतो. अर्धी विहीर ही विहीर नसतेच. ती नुसता खड्डा असते.

तरीपण जामिनाने सगळेच भागते असेही नाही. उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीवर क्विलका नावाचा डोंगर आहे. त्याची एक बाजू ब्रिटनच्या फर्मॅना परगण्यात, दुसरी आयर्लंड प्रजासत्ताकाच्या कॅव्हन परगण्यात. माथ्यावर तोच ओला पीट, तेच शेवाळ. डोंगराला सरहद्द ठाऊक नाही. वरून येणारे पाणी कोणत्या देशाचे, हे विचारायला कोणी ओढ्यात उभे राहत नाही. या डोंगराच्या रक्षणाचे काम दोन्हीकडच्या संस्था मिळून, युरोपच्या सीमापार निधीतून करीत होत्या. आता लंडनचा खजिना उत्तरेकडच्या संस्थेला जामीन राहू शकतो; दक्षिणेकडच्या भागीदाराला काय सांगणार? येथे एकट्याच्या हमीने काम भागण्यासारखे नव्हते. दोन्ही घरांनी एकत्र बसणे भाग होते, आणि सुदैवाने ती बसली. 'पीस प्लस' या नावाने २०२१ ते २०२७ या काळासाठी सुमारे १.१ अब्ज युरोंचा सामाईक कार्यक्रम ठरला. वेगळा झालेला ब्रिटनही त्यात आपली वर्गणी भरतो. भाऊ वेगळे झाले तरी देवघर सामाईक राहावे, तसे हे झाले.

दुसरा एक धडा संशोधकांच्या बाबतीत मिळाला. २०२१ पासून 'होरायझन युरोप' हा नवा संशोधननिधी सुरू झाला. ब्रिटनने त्यात बाहेरचा सोबती म्हणून सामील व्हायचे ठरले होते, पण उत्तर आयर्लंडच्या वादात ती गोष्ट लटकली. तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने पुन्हा एक हमी दिली: स्पर्धेत यशस्वी झालेल्या ब्रिटनमधील संशोधकांचे पैसे आम्ही देऊ. हवामान, समुद्र, माती यांवर काम करणारेही त्यांत होते. ही हमी मात्र प्रत्यक्ष वठली. पैसे देण्यात आले. तरीही काही संशोधकांनी मिळालेला मान टिकवण्यासाठी आपले बिऱ्हाड युरोपात हलवले. कारण जामीन पैसे देऊ शकतो, पंगतीतला पाट देऊ शकत नाही. तो पाट परत मिळायला १ जानेवारी २०२४ उजाडावे लागले. त्या दिवसापासून ब्रिटन त्या योजनेत रीतसर सामील झाला.

आता जरा मागे जाऊन एका पक्ष्याची गोष्ट सांगतो. त्यावाचून मुद्दा पुरा होणार नाही. बगळ्याच्या कुळातला, तपकिरी ठिपक्यांचा, बिटर्न नावाचा एक लाजाळू पक्षी आहे. तो दिसतो क्वचित. वेताच्या बेटात उभा राहिला की वेतच होऊन जातो. पण वसंतात नर घुमतो तेव्हा रिकाम्या घड्यात फुंकर मारल्यासारखा तो आवाज दूरवर ऐकू जातो. ब्रिटनमध्ये १९९७ साली असे घुमणारे नर मोजले, तेव्हा ते भरले अवघे ११! पाणथळींतील वेत सुकत चालले होते. मग युरोपच्या त्याच 'लाइफ' निधीतून दोनदा मदत मिळाली. जुन्या पाणथळी खोल केल्या. सॉमरसेटमध्ये हॅम वॉल येथे पीट खणून टाकलेल्या जागी पाणी सोडून नवी वेताची बेटे उभी केली. २०१९ साली मोजणी झाली तेव्हा नर भरले १९८.

अकरावरून एकशेअठ्ठ्याण्णव. हा आकडा गाठायला २२ वर्षे लागली. तेवढ्या काळात ब्रिटनमध्ये ब्लेअर, ब्राउन, कॅमेरॉन, मे आणि जॉन्सन असे पाच पंतप्रधान झाले. पक्ष बदलले, धोरणे बदलली, एक मंदी आली आणि गेली. या सगळ्या उलथापालथीत वेताच्या बेटांना पाणी मिळत राहिले, याचे एक कारण असे की पैशाचा एक झरा दर निवडणुकीबरोबर दिशा बदलत नव्हता. युरोपचे अंदाजपत्रक सात सात वर्षांचे असते. सात वर्षे ही शेवाळाच्या दृष्टीने डोळ्याची पापणी लवण्याइतकीच, पण राजकारणाच्या दृष्टीने जवळजवळ एक युग!

येथेच त्या हमीची मर्यादा दिसते. तिने जे सुरू होते ते वाचवले. जे सुरू व्हायचे होते त्याला ती काय करणार? २०२१ ते २०२७ या काळासाठी 'लाइफ' निधी वाढून सुमारे ५.४ अब्ज युरोंचा झाला, पण ब्रिटन त्यात सामील झाला नाही. नव्या बिटर्नसाठी, नव्या डोंगरासाठी त्या दारावर जाण्याची सोय उरली नाही.

ब्रिटन हात बांधून बसला असे मात्र नव्हे, आणि हे न सांगणे अन्यायाचे होईल. युरोपच्या शेतीधोरणात बराचसा पैसा ज्याच्याकडे जास्त जमीन त्याला जास्त, या हिशेबाने वाटला जाई. निसर्गाची काळजी करणारेच त्यावर वर्षानुवर्षे टीका करीत होते. बाहेर पडल्यावर २०२० चा शेती कायदा झाला. सार्वजनिक पैसा सार्वजनिक हितासाठी, म्हणजे स्वच्छ पाणी, सकस माती, पाखरे, फुलपाखरे यांसाठी द्यायचा, असे तत्त्व त्यामागे होते. एकट्या इंग्लंडसाठी वर्षाला सुमारे २.४ अब्ज पौंडांची तरतूद शेतीसाठी राखली गेली. ६४ कोटी पौंडांचा एक स्वतंत्र निधी निघाला, आणि इंग्लंडमधील ३५,००० हेक्टर पीट जमीन २०२५ पर्यंत सुधारण्याचे उद्दिष्ट त्यातून ठरले. युरोपीय आयोगाची देखरेख संपल्याने २०२१ च्या कायद्याने घरचाच एक पर्यावरण-रखवालदार नेमला गेला. तो सरकारला जाब विचारू शकतो. पण युरोपच्या न्यायालयासारखा दंडाचा बडगा त्याच्या हातात नाही.

विचार चांगला, आरंभही चांगला. परंतु ११ मार्च २०२५ ची गोष्ट ऐका. माती, कुंपणझाडी, फुलांचे पट्टे राखणाऱ्या इंग्लंडच्या शेतकऱ्यांसाठी जी नवी योजना होती, तिचे नवे अर्ज त्या दिवशी एकाएकी बंद करण्यात आले. कारण असे दिले गेले की ठरलेला पैसा संपूर्ण वाटला गेला आहे. झालेले करार पाळले जातील, असेही सांगण्यात आले. कागदपत्रे जमवून, नकाशे काढून, उद्यापरवा अर्ज करू म्हणणारे शेतकरी मात्र दाराबाहेर राहिले. आरडाओरडा झाल्यावर, ज्यांचे अर्ज अर्धे भरून झाले होते अशांपैकी काहींसाठी दार पुन्हा किलकिले करण्यात आले.

पाहा, २०१६ ची भाषा आणि २०२५ ची भाषा किती सारखी आहे! सही झाली त्याला अभय, सही राहिली त्याला नाही. दोन्ही वेळी सरकारने शब्द मोडला असे म्हणता येणार नाही. दिलेला शब्द पाळलाच. प्रश्न शब्द पाळण्याचा नाही. शब्द किती लांबचा दिला जातो याचा आहे. ज्याला कुंपणाची झाडी लावायची आहे, त्याला ती वाढायला दहा वर्षे लागतात. ज्याला ओढा वळवून पाणथळ करायची आहे, तो त्या जमिनीतले पीक कायमचे सोडतो. अशा माणसाला यंदाच्या अंदाजपत्रकाचा भरवसा पुरत नाही. खजिन्यात पैसा किती आहे, यापेक्षा तो कुठवर येत राहील, हे त्याला ठाऊक असावे लागते.

एकत्र कुटुंबातून बाहेर पडावे की न पडावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. ब्रिटनच्या लोकांनी तो त्यांच्यापुरता सोडवला, आपण त्यात न्यायाधीश होण्याचे कारण नाही. पण वेगळ्या झालेल्या प्रत्येक घराला दोन निरनिराळी कामे करावी लागतात, एवढे या हकीकतीवरून दिसते. पहिले, जुन्या वहीतली बाकी इमानाने नव्या वहीवर घेणे. ते ब्रिटनने केले, आणि वेळेवर केले. दुसरे, जुन्या घरात जी सवय आपोआप होती ती स्वतःच्या घरात नव्याने लावणे: दरवर्षी, निवडणूक असो वा नसो, मंदी असो वा तेजी, विहिरीसाठी ठरलेली रक्कम बाजूला काढून ठेवण्याची सवय. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा कठीण. पहिल्याला एक सही लागते. दुसऱ्याला पुढच्या वीसपंचवीस सह्या लागतात, आणि त्या करणारी माणसे अजून खुर्चीवर आलेलीही नसतात.

हे सारे दूरदेशीचे आहे खरे. पण आपल्याही गावात, वसाहतीत पावसाळ्याच्या तोंडाशी झाडे लावण्याचे समारंभ होतात. पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात, भाषणे होतात. पुढच्या वेळी अशा समारंभाचे बोलावणे आले की अवश्य जा, टाळ्याही वाजवा. फक्त चहाच्या वेळी यजमानांना हळूच एक प्रश्न विचारा: "अहो साहेब, चौथ्या उन्हाळ्यात याला पाणी कोण घालणार?" या प्रश्नाला ज्यांच्याजवळ उत्तर असेल, त्यांचे झाड जगेल असे खुशाल समजावे.

नव्या वहीवर यंदा 'मागील बाकी' लिहाल तेव्हा खाली एखादी ओळ 'पुढील देणे' म्हणूनही कोरी सोडून ठेवा. मुलाबाळांना ती भरता येईल. वाचकांना ही दीपावली आणि नवे वर्ष सुखाचे जावो.